मांडवगडावर कोण राहतं?

मध्य प्रदेशातल्या धारजवळच्या मांडवगडाला, म्हणजे मांडवला, जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, काय पाहिलंत? जहाज महाल, हिंडोला महाल, होशंगशाहाची कबर, रूपमतीचा मंडप अशी नावं एका दमात ऐकू येतील. मग विचारा, तिथं राहतं कोण? समोरचा माणूस जरा थांबतो. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत मी हा प्रश्न विचारला आहे. बहुतेकांचं उत्तर एकच असतं, ‘तिथं कोण राहणार? सगळं पडकं आहे.’

मांडव हे दहा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आहे. जामा मशिदीसमोरच्या चौकात बस थांबते. चौकाभोवती किराण्याची, चपलांची, मोबाइल रिचार्जची दुकानं आहेत. शाळा सुटली की मुलं पाठीवर दप्तरं टाकून पंधराव्या शतकातल्या भिंतीलगतच्या पायवाटेनं घरी जातात. चौकापासून चहूकडे भिल्ल आणि भिलाला कुटुंबांचे पाडे पसरलेले आहेत, डोंगराच्या अगदी कडेपर्यंत. पर्यटक ज्या रस्त्यानं रूपमतीच्या मंडपाकडे जातो त्याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना मक्याची शेतं आहेत, आणि त्या शेतांचे मालक तिथंच मागच्या टापऱ्यात, म्हणजे झोपडीत, राहतात. तरी आपल्याला ते दिसत नाहीत. मांडवचं वर्णन करताना आपण ‘ओसाड’ हा शब्द इतक्या सहज वापरतो की तिथं राहणाऱ्याला तो कसा ऐकू येत असेल, हे मनातही येत नाही.

माझी आत्या धारला दिली होती, म्हणून मला मांडव थोडं वेगळ्या बाजूनं भेटलं. इंदूरच्या मराठी माणसाचं मांडवशी नातं पावसाचं. जुलै-ऑगस्टचा रविवार, पहाटे उठून डबे भरायचे, घाटाबिल्लोद, धार, नालछा करत वर जायचं, धुक्यात महाल पाहायचे, भाजलेलं कणीस खायचं आणि अंधार पडायच्या आत उतरायचं. आत्याच्या घरी मात्र मांडव म्हणजे सहलीची जागा नव्हतीच. दिवाळीच्या आगेमागे सीताफळांच्या टोपल्या घेऊन ज्या बायका दारात यायच्या त्या मांडवच्या. वाड्याची कौलं शाकारायला येणारा माणूस मांडवचा. ‘वरची माणसं आलीत, चहा टाक,’ असं आत्या आतून ओरडून सांगायची. त्या घरात मांडवचा उल्लेख आला की आधी माणसं यायची, इमारती नंतर. मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ तिथं असावं. मांडवच्या डोंगरावर राज्यं आली आणि गेली, राजधानी आली आणि गेली, पण डोंगर रिकामा झाल्याचं मला कुठल्याच पानावर सापडत नाही. जो इतिहास आपण तिथं ऐकून येतो तो राहून गेलेल्यांचा आहे. राहिलेल्यांचा इतिहास अजून कुणी नीट सांगितलेला नाही.

आधी डोंगराविषयी बोलायला हवं, कारण इथली माणसं कशी राहिली हे डोंगरानंच ठरवलं. विंध्याचा दक्षिण कडा जिथं निमाडच्या सपाटीवर उभा कोसळतो, तिथं माळव्याच्या पठाराचा एक तुकडा मुख्य पठारापासून जवळजवळ सुटून उभा आहे. मधे काकडा खोह ही खोल दरी. उत्तरेला एक चिंचोळी पट्टी तेवढी जोडलेली, तिच्यावरूनच धारचा रस्ता वर येतो आणि एकामागून एक दरवाज्यांतून आत शिरतो. उंची ६०० मीटरहून थोडी जास्त, म्हणजे महाबळेश्वराच्या निम्मीही नाही. पण दक्षिणेच्या टोकाला रूपमतीच्या मंडपावर उभं राहिलं की खाली निमाड पसरलेला दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर लांबवर नर्मदेची रेघ. शत्रूला वर येणं किती अवघड जात असेल ते तिथं कळतं. आणखीही एक गोष्ट कळते. नर्मदा डोळ्यांना दिसते, पण तिचा एक थेंब वर येत नाही.

गडाच्या माथ्यावर नदी नाही. आहे तो पाऊस. तो माळव्याच्या मानानं भरपूर पडतो, पण काळ्या कातळावर पडलेलं पाणी थांबत कुठं? खोहाच्या वाटेनं ते तासाभरात निमाडात पोचतं. डोंगरावर राहायचं तर त्या पाण्याला अडवणं हेच पहिलं काम. हे काम इथं हजार वर्षं चाललेलं आहे. मला मांडवच्या सगळ्या कलाकुसरीपेक्षा या कामाचं जास्त अप्रूप वाटतं.

जहाज महालाला जहाज म्हणतात ते त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी आहे म्हणून, एकीकडे मुंज तलाव, दुसरीकडे कपूर तलाव. मुंज तलावाला परमार राजा वाक्पती मुंजाचं नाव आहे, म्हणजे वाक्पतीचं दहावं शतक आणि सुलतानांचं पंधरावं शतक एकाच काठावर शेजारी बसलेलं. सुमारे १२० मीटर लांबीच्या या इमारतीकडे लोक तलावापलीकडून पाहतात, फोटो घेतात. मी म्हणेन, गच्चीवर चढा आणि खाली बघत चाला. छताच्या उतारांनी पाणी कुठं गोळा होतं, कुठल्या दगडी पन्हळीत उतरतं, ती पन्हळ सरळ न नेता तिला गोल गोल वेटोळी का दिली आहेत, ते पाहा. वेटोळ्यांतून फिरताना पाण्याचा वेग मरतो, गाळ मागं राहतो आणि स्वच्छ पाणी हौदात पडतं. उन्हाळ्यात कोरड्या पन्हळीवरून बोट फिरवलं की छिन्नीचे घाव अजून लागतात. हे घाव घालणारे पाथरवट कोण होते, कुठं राहत होते, त्यांना इथलं पाणी प्यायला मिळत होतं का, हे कुठल्याही बखरीत नाही, तवारिखेत नाही.

शाही वाड्यांच्या भागात चंपा बावडी आहे. तिच्या पोटात जमिनीखालचे ओवऱ्यांसारखे गार तळघर आहेत, तिथं उन्हाळ्याच्या दुपारी माणसं बसत. गावाच्या बाजूला उजाळी बावडी आणि अंधेरी बावडी अशा दोन. एक उघडी, दुसरीवर छत घातलेलं, ऊन लागून पाणी आटू नये म्हणून. रेवा कुंडातलं पाणी दगडी पाटावर चढवून माळव्याचा सुलतान बाजबहादूर याच्या महालापर्यंत नेलेलं होतं, त्या पाटाच्या कमानी उभ्या आहेत. सागर तलाव सगळ्यांत मोठा. त्याच्या काठी १४३२ची मलिक मुघीसची मशीद आणि तिच्या समोर व्यापाऱ्यांची सराई. सराईच्या अंगणात उभं राहिलं की उंट, बैल, गोण्या, भाडं ठरवणारे दलाल या सगळ्यांची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. राजाच्या वाड्याजवळ वेगळी व्यवस्था, बाजाराजवळ वेगळी, वाटसरूंसाठी वेगळी. पाणी साठवण्याच्या जागा नकाशावर मांडल्या तर गडावरच्या मोहल्ल्यांचा नकाशा आपोआप तयार होतो.

ही व्यवस्था कुठं कमी पडायची तेही कळतं. १६१७च्या मार्चमध्ये जहांगीर बादशहा मांडवला आला आणि ऑक्टोबरपर्यंत राहिला. त्याआधी त्यानं जुने महाल डागडुजी करून घेतले होते. मांडवच्या पावसाळ्यानं तो वेडा झाला. या दिवसांत इथल्याइतकी प्रसन्न हवा आणि इतकं देखणं ठिकाण दुसरं नाही, अशा अर्थाचं त्यानं आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं. तलावांच्या काठी दिवे लावून झालेल्या जलशाचं वर्णन केलं. नूरजहाननं सहा गोळ्यांत चार वाघ टिपल्याचं कौतुकही याच मुक्कामातलं. त्याच बादशहाच्या लवाजम्यात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो होता. त्याच्या रोजनिशीत मांडवचा उन्हाळा आहे, आणि त्यात तक्रार आहे ती पाण्याची. बादशाही छावणीच्या लाखो तोंडांना पुरेल एवढं पाणी डोंगरावर नव्हतं, आणि परदेशच्या राजाच्या वकिलालाही एका सरदाराच्या मिनतवाऱ्या करून रोजचं पाणी मिळवावं लागलं. एकच साल, एकच डोंगर. ज्याच्या हातात तलाव त्याला पाऊस आठवला, ज्याला मागून घ्यावं लागलं त्याला तहान आठवली. मग ज्यांच्याकडे रोजनिशी नव्हती त्यांनी त्या उन्हाळ्यात काय केलं असेल?

मांडवच्या वस्तीचा सर्वांत जुना धागा एका वाण्याच्या हातात आहे, हे मला फार आवडतं. धार जिल्ह्यातच कुक्षीजवळच्या तालनपूरला सापडलेल्या एका लेखात ‘मंडप दुर्ग’ हे नाव येतं. साल इसवी ५५५. लेख आहे चंद्रसिंह नावाच्या व्यापाऱ्यानं तिथल्या पार्श्वनाथाच्या मंदिरात मूर्ती बसवल्याचा. म्हणजे डोंगराची पहिली नोंद लढाईची नाही. पुढे परमारांच्या काळात आणि नंतर सुलतानांच्याही काळात जैन व्यापारी हा इथल्या वस्तीचा कणा होता. मंत्री पेथड शाह मांडवचाच. १४३९ साली इथं कल्पसूत्राची चित्रांकित पोथी लिहिली गेली, ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चौदाव्या शतकापासून पुढं माळव्यात मुसलमान राज्य होतं आणि त्यांच्या राजधानीत जैन पोथ्या रंगवल्या जात होत्या. जैन परंपरेत एक कथा आहे. मांडवमध्ये कुणी नवा गरीब साधर्मिक, म्हणजे आपल्या धर्माचा माणूस, राहायला आला की प्रत्येक घरानं त्याला एक नाणं आणि एक वीट द्यायची, म्हणजे तो आल्या दिवशीच भांडवलदारही व्हायचा आणि घरमालकही. अशीच कथा अग्रोह्याबद्दलही सांगतात, तेव्हा घडलेला प्रसंग म्हणून मी ती सांगत नाही. पण आपलं गाव कसं असावं याचं स्वप्न म्हणून एखादी वस्ती जी कथा शतकानुशतकं सांगत राहते, तिला किंमत आहे. मांडवचं जैन तीर्थ अजून चालू आहे, यात्रेकरू येतात, भोजनशाळेत जेवतात, सुपार्श्वनाथाचं दर्शन घेऊन जातात.

१३०५मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या सरदारानं, ऐन-उल-मुल्क मुलतानीनं, परमारांचा शेवट केला. १४०१मध्ये दिलावरखान घोरी दिल्लीपासून स्वतंत्र झाला आणि त्याच्या मुलानं, होशंगशाहानं, राजधानी धारहून मांडवला आणली. तिचं नाव ठेवलं शादियाबाद. पुढची दीडशे वर्षं ही मांडवच्या भरभराटीची, आणि या काळावर इतकं लिहिलं गेलं आहे की मी लढायांत शिरत नाही. मला त्या शहराच्या घरांत डोकावायचं आहे.

गियासशाह खिलजी १४६९ ते १५०० गादीवर होता. बापानं, महमूद खिलजीनं, आयुष्य लढण्यात घालवलं. गियासशाहानं गादीवर येताच लढाया मुलाकडे सोपवल्या आणि स्वतः डोंगरावर राहिला. फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो, त्याच्या वाड्यात १५,००० बायका होत्या. आकडा फुगवलेला असणार. गाईड लोक हे सांगून डोळा मारतात आणि ऐकणारे हसतात, पण फेरिश्ताचं पुढचं वाक्य कुणी वाचून दाखवत नाही. या बायकांत शिक्षिका होत्या, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या होत्या, भरतकाम करणाऱ्या होत्या, प्रार्थना वाचणाऱ्या होत्या, सगळे धंदे त्यांना शिकवलेले होते. ५०० तुर्की बायका धनुष्यबाण घेऊन आणि ५०० हबशी बायका बंदुका घेऊन पहाऱ्यावर असत. आकड्यातली हवा काढून टाकली तरी जे उरतं ते बायकांचं एक चालतं-बोलतं गाव आहे, स्वतःचा बाजार आणि स्वतःचा पहारा असलेलं. त्यातल्या किती मनानं आल्या, किती पकडून आणल्या, किती बाजारातून विकत आणल्या, हे आठवलं की जहाज महालाच्या गच्चीवर मला मोकळं हसता येत नाही.

याच गियासशाहाच्या स्वयंपाकघराची पोथी, ‘निमतनामा’, आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. समोसे, खिचडी, सरबतं, अत्तरं, पानाचे विडे, सगळ्याच्या कृती आणि सोबत चित्रं. चित्रांत मिशाळ सुलतान बसलेला असतो आणि भोवती बायका कढई ढवळत असतात, कुटत असतात, गाळत असतात. मांडवच्या सगळ्या अवशेषांत काम करणाऱ्या माणसांचे चेहरे दिसतात ते मला एवढ्याच ठिकाणी.

मग एकामागून एक धाडी आल्या. १५३१मध्ये गुजरातचा बहादूरशाह, १५३५मध्ये हुमायून. हुमायूननं मांडव घेतल्यावर कत्तलीचा हुकूम दिला होता. गुजरातच्या दरबारातला एक गवई पकडून समोर आणला गेला, तो गायला, आणि बादशहानं लाल वस्त्रं उतरवून हिरवी घातली, कत्तल थांबवली, असं तवारिखेत आहे. मी इंदूरची आहे, गाण्याच्या गावात वाढले, मला ही गोष्ट खरी असावीशी वाटते. १५६१मध्ये अकबराचा सरदार अधमखान माळव्यावर चालून आला, बाजबहादूर पळाला, त्याच्या प्रिय रूपमतीनं विष घेतलं. ही कहाणी सगळ्यांना पाठ आहे. ज्याला बाजबहादूरचा महाल म्हणतात तो त्याच्या आधी जवळजवळ पन्नास वर्षं, १५०८-०९मध्ये, नासिरशाहानं बांधलेला आहे आणि रूपमतीचा मंडप ही मुळात पहाऱ्याची चौकी, एवढंच सांगून मी पुढे जाते.

राजधानी उतरली ती उतरलीच. १७३२मध्ये मांडव मराठ्यांकडे, धारच्या पवारांकडे आलं, पण पवारांनी गादी धारलाच ठेवली. इथं आमचा, मराठी माणसांचा, या डोंगराशी संबंध सुरू होतो. आमचे पूर्वज होळकर-पवार-शिंद्यांच्या मागून आले. कुणी कारकून, कुणी पुजारी, कुणी शिलेदार. मांडवचं चतुर्भुज रामाचं मंदिर त्याच काळातलं. पुण्याकडच्या एका साधूला स्वप्न पडलं, जमिनीतून चार हातांचा राम निघाला, धारच्या पवारांच्या राणी सकवारबाईंनी मूर्ती धारला न्यायची ठरवली, पण मूर्ती वाहणारा हत्ती काही पुढं पाऊल टाकेना, मग देऊळ तिथंच झालं, अशी कथा आत्याच्या तोंडून ऐकलेली. डोंगरावरून देव उतरायला तयार झाला नाही, हा भाग ती फार प्रेमानं सांगायची.

मराठी घरांत मांडवचा आणखी एक धागा आहे, नर्मदा परिक्रमेचा. उत्तर तटानं चालणारे परिक्रमावासी निमाडातून डोंगर चढून रेवा कुंडावर येतात. नर्मदाच इथं वर आली आहे अशी श्रद्धा, म्हणून कुंडाचं दर्शन परिक्रमेतच धरलेलं. कड्याच्या वाटेवर पाड्यांतली माणसं त्यांना पाणी देतात, वाट दाखवतात, कधी रात्रीपुरता आसरा देतात. परिक्रमा करून आलेल्या माझ्या ओळखीच्या बाई मांडवविषयी बोलल्या तेव्हा त्यांनी एकाही महालाचं नाव घेतलं नाही. कुणाच्या अंगणात त्यांना मक्याची भाकरी मिळाली, ते सांगितलं.

आणि भिल्ल? ते या सगळ्याच्या आधीही होते आणि नंतरही आहेत. सुलतानांच्या तवारिखांत ते जंगलातली वाट अडवणारे म्हणून येतात, इंग्रजांच्या कागदांत बंदोबस्त करण्याची जमात म्हणून, आणि आजच्या माहितीपत्रकांत रंगीत कपडे घातलेला फोटो म्हणून. राजधानी उतरल्यावर जे महाल रिकामे झाले त्यांच्या आसपास गुरं चारणारे, तलावांत मासे धरणारे, पडक्या बुरुजाच्या आडोशानं टापरा बांधणारे हेच लोक होते. डोंगर राहता ठेवला तो त्यांनी. काही जुन्या बावड्या आजही वापरात आहेत, त्या कुणी तरी सतत उपसत राहिलं म्हणून. ‘पाणी भरायला येणारी भिल्लीण’ असं म्हणून आपण पुढं जातो, पण पाचशे वर्षांची एक व्यवस्था तिच्या डोक्यावरच्या हंड्यात चालू आहे.

गोरखचिंचेची झाडंही तशीच टिकली. आफ्रिकेतलं झाड, मांडवमध्ये जागोजागी उभं आहे. खोडाचा घेर असा की चार-पाच माणसांनी हात धरले तरी पुरत नाही. उन्हाळ्यात निष्पर्ण होऊन फांद्या मुळांसारख्या आभाळात रुतलेल्या दिसतात. हबशी आले तेव्हा त्यांच्याबरोबर बिया आल्या असाव्यात, असं मानतात. गियासशाहाच्या पहाऱ्यावरच्या त्या हबशी बायकांचं नाव-गाव कुठं उरलं नाही, झाड मात्र इथलं झालं. लोक त्याला मांडवची इमली म्हणतात. मखमली हिरवट कवचातला पांढरा आंबट गर पोटाच्या दुखण्यावर चालतो आणि नुसता चघळायलाही चांगला. रस्त्याच्या कडेला बायका ही फळं मांडून बसतात. काही वर्षांपूर्वी ही जुनी झाडं मुळासकट उपटून परराज्यात नेण्याचं सुरू झालं तेव्हा मांडव परिसरातली माणसं आडवी आली, गाड्या रोखल्या, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. झाडं कुणाच्या तरी खासगी शेतातली होती, पण गावानं ती आपली मानली.

अशाच एका फळवालीशी मी बरीच वेळ बोलत बसले होते. पावसाविषयी विचारलं तर म्हणाली, ‘पाणी तो बाई, बरसात में इतना के पाँव नी टिके, ने गर्मी में ढूँढे नी मिले.’ तिचा मुलगा पीथमपूरला कारखान्यात जातो, आठवड्यानं येतो. दीर हंगामात गुजरातला बांधकामावर. तिची शेती दोन पिकांची नाही, मका आणि थोडं सोयाबीन, पाऊस गेला की संपलं. मग सीताफळं, मग ही इमली, मग पर्यटक. घराची भिंत खचली आहे, पण दुरुस्तीला परवानगी लागते, कारण शेजारी कुठली तरी कबर आहे. २०१०च्या कायदादुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन. स्मारकं वाचली पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मोकळं सोडलं असतं तर एव्हाना जहाज महालाला हॉटेलं चिकटली असती. पण मांडवमध्ये पावलापावलावर स्मारक आहे, म्हणजे तिथल्या माणसानं घर बांधायचं कुठं? नियम करताना डोंगर रिकामाच आहे असं धरून चाललं की असं होतं. भिंत दुरुस्त करण्याचा अर्ज कुठं द्यायचा हे त्या बाईला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो अर्ज गावातच भरून घेणारी खिडकी असावी, आठवड्यातून एक दिवस तरी, एवढी साधी मागणी करायला काय हरकत आहे?

त्या दिवशी मी जेवले दाल-पानिये. मक्याच्या पिठाचे जाड पानगे पळसाच्या पानांत दाबून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, पानाच्या शिरांचे ठसे त्यावर उमटतात, धुराचा वास आत मुरतो. वर तूप, सोबत डाळ. निमतनाम्यात ते नाही, असणंही शक्य नाही, मका या देशात आला तोच त्यानंतर. तरी आज मांडवचं जेवण म्हणून कुणी काही विचारलं तर हेच. इंदूरच्या सराफ्यात खायला काय काय मिळतं ते जगाला ठाऊक आहे, आता या पानग्यांचं नावही निघायला लागलंय, गावातल्या काही घरांत पाहुण्यांना करून वाढतात. मला त्यात फार आशा वाटते. पर्यटकाचा पैसा हॉटेलमालकाऐवजी चुलीपाशी पोचतो.

पावसाळी रविवारी मांडवच्या दरवाज्यांत आता गाड्यांची रांग लागते. जुन्या कमानीतून एका वेळी एकच गाडी जाते आणि गावातला आजारी माणूस धारच्या दवाखान्याला न्यायचा असला तर त्याच रांगेत अडकतो. त्या गाड्यांतल्या निम्म्या इंदूरच्या असतात, आपल्या. प्लास्टिकच्या बाटल्या तलावात तरंगतात त्याही आपल्याच. ज्या तलावाचा गाळ गावानं पिढ्यान्‌पिढ्या उपसला त्यात.

तुम्ही या पावसाळ्यात जाणार असाल तर माझं ऐका, रविवार टाळा. सकाळी गावात पोचा, चौकात चहा घ्या, आणि वाटाड्याला सांगा की आज महाल नंतर, आधी पाणी दाखव. मुंज तलाव, उजाळी बावडी, अंधेरी बावडी, सागर तलाव, रेवा कुंड, या क्रमानं चालत गेलात तर अर्धा दिवस जातो आणि वाटेत बहुतेक सगळे पाडे लागतात. दुपारचं जेवण आधी सांगून ठेवावं लागतं, पानिये भाजायला वेळ लागतो. पाण्याची बाटली घरून भरून न्या, रिकामी झाली की परत आणा. आणि कुणाच्या अंगणात बसलात तर त्यांची बावडी कुठली, ती शेवटची कधी उपसली, कुणी कुणी मिळून उपसली, एवढं विचारा. त्यांना सांगायला आवडतं.